दर शुक्रवारी पुण्याची गाडी पकडू नकोस

या आठवड्याचं पत्र चिपळूणजवळच्या एका गावातल्या मुलीचं आहे. वय २७, बँकेत नोकरी, तीन महिन्यांपूर्वी बदली होऊन सोलापूरला आली, जुळे सोलापुरात रूम घेऊन एकटी राहते. ती लिहिते, "ताई, ऑफिसमधले सगळे चांगले आहेत पण संध्याकाळी सहानंतर जो तो आपापल्या घरी, मी रूमवर. दर शुक्रवारी रात्री पुण्याला मावशीकडे पळते आणि रविवारी रात्री परत. सोलापुरात बघण्यासारखं काही नाही असं सगळेच म्हणतात, आणि असलं तरी एकटीनं जायला कसंतरी वाटतं, लोक बघतात. आई रोज फोनवर विचारते जेवलीस का, कुणाशी बोललीस का, आणि मी रोज हो म्हणून खोटं सांगते. मला हे शहर कधी आपलं वाटेल का?"

अगं पोरी, तुझं पत्र वाचून मला माझी साखर पेठेतली खोली आठवली. १९९४ साली मी वर्ध्याहून इथे शाळेत नोकरीला आले तेव्हा मला पण वाटलं होतं की एक वर्ष काढायचं आणि बदली मागायची, पहिल्या रात्री तर शेजारच्या मागाचा खटखटाट ऐकत मी डोळे उघडे ठेवून पडले होते आणि सकाळी घरमालकीण आजी दारात येऊन तेलुगूत काहीतरी विचारत होत्या आणि मला एक अक्षर कळेना. त्या फक्त चहा घेणार का विचारत होत्या. मी घाबरून नको म्हणाले आणि मग दिवसभर त्याचंच वाईट वाटत राहिलं. म्हणून तू फोनवर आईला जे खोटं सांगतेस ना, त्याबद्दल मी तुला एक शब्द बोलणार नाही, मी पण तेच करायचे, फक्त पोस्टकार्डावर.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगते. तुझी अडचण सोलापूर नाहीये, शुक्रवारची गाडी आहे. तुला शहर भेटणार कधी? सोमवार ते शुक्रवार तू बँकेत, आणि ज्या दोन दिवसांत गाव मोकळेपणानं भेटतं त्या दोन दिवशी तू २५० किलोमीटर लांब. असं तीन महिने काय, तीन वर्षं राहिलीस तरी पाहुणीच राहशील. सहा आठवडे पुण्याला जायचं नाही, एवढंच ठरव. मावशीला सांग, रागावणार नाही ती. पहिले दोन रविवार जड जातील, खरंच जातील, दुपारी तीन वाजता भिंत बघत बसशील. ते सोस.

आता "बघण्यासारखं काही नाही" याचं. हे वाक्य मी तीस वर्षं ऐकतेय आणि ते बहुतेक इथल्याच लोकांच्या तोंडून ऐकतेय, ज्यांनी किल्ल्यात शेवटचं पाऊल शाळेच्या सहलीत ठेवलेलं असतं. शिवाय तुला फिरायला जायचं असं नाहीच आहे बघ, तुला या गावात राहायचंय, आणि त्यासाठी दहा ठिकाणं एकेकदा बघण्यापेक्षा एकच ठिकाण दहा वेळा गाठणं जास्त उपयोगाचं.

माझं म्हणणं, सिद्धेश्वरापासून सुरू कर. रविवारी सकाळी साडेसहा-सातला, दर रविवारी, त्याच वेळी. देवळात जाणाऱ्या बाईकडे कुणी "एकटी का आलीस" म्हणून बघत नाही, उलट एकटीनं येणाऱ्याच जास्त असतात सकाळी. तळ्याच्या मधोमध देऊळ, पाण्यावरून येणारा गार वारा, शेजारीच भुईकोट किल्ल्याची तटबंदी. दर्शन घे, मग तळ्याकाठी अर्धा तास नुसती बस, फोन पिशवीत ठेवून. फुलं एकाच मावशींकडून घे. पहिल्या रविवारी त्या पैसे घेतील, दुसऱ्या रविवारी पण पैसेच घेतील, तिसऱ्या-चौथ्या रविवारी विचारतील "कुठल्या तुम्ही?" आणि हा जो प्रश्न आहे ना, त्याला घाबरू नकोस. तू लिहिलंयस लोक बघतात. बघतात, खरंय. सोलापुरात नवा माणूस दिसला की लोक बघतात आणि विचारतात पण, गाव कुठलं, आडनाव काय, कुठं कामाला, घरी कोण कोण, लग्न झालं का. पुण्या-मुंबईच्या सवयीला हे भोचकपणा वाटतो. पण इथे तीच ओळख करून घ्यायची रीत आहे, तू पण उलट विचार, "आणि तुमचं गाव?" मग बघ काय काय बाहेर येतं. ज्याच्या नजरेनं तुला नकोसं वाटतं तिथून सरळ उठून ये, तो वेगळा विषय, तिथे मनाचं ऐकायचं. पण प्रत्येक नजर तशी नसते, बऱ्याचशा नुसत्या चौकशीच्या असतात.

देवळाबद्दल थोडं सांगते म्हणजे तुला नुसतं देऊळ वाटणार नाही. सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले, बसवेश्वरांच्या काळातले, तेव्हा या गावाचं नाव सोन्नलगी. लोकांना सोबत घेऊन श्रमानं हे तळं खोदलं म्हणतात, आणि गावाच्या भोवती ६८ लिंगं स्थापन केली. ही ६८ लिंगं मला सोलापूर ओळखायची सगळ्यात चांगली वाट वाटते. काही मोठ्या देवळात आहेत, काही गल्लीच्या कोपऱ्यात छोट्याशा घुमटीत, काही घरांच्या गर्दीत अशी लपलीत की समोरून चार वेळा जाशील आणि दिसणार नाही, शेजारच्या काकूंना विचारावंच लागतं. आणि विचारायला कारण मिळालं की एकटीनं फिरणं सोपं होतं. "बाई एकटी कुठं हिंडतेय" याच्या जागी "लिंग शोधतीय का, मग इकडनं जावा की" असं होतं. महिन्यात दोन-तीन शोध, घाईनं उरकू नकोस. मी अजून सगळी पूर्ण केलेली नाहीत.

किल्ल्यात पण सकाळीच जा, सुट्टीच्या दिवशी, कुटुंबं असतात तेव्हा. दुपारी ऐन सामसुमीत एकटीनं आतल्या बाजूला हिंडू नकोस असं मी माझ्या लेकीला पण सांगते आणि तुला पण सांगते.

तिथून रिक्षानं चार पुतळ्याला जा. तू तिथून रोज बँकेत जाताना गेली असशील, सगळेच जातात, कुणी थांबत नाही. एकदा थांब. १९३० च्या मे महिन्यात, गांधीजींच्या अटकेनंतर, हे गाव असं पेटलं की काही दिवस इंग्रजांचा अंमलच उरला नव्हता इथे, आणि मग मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, लागला. मल्लाप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा आणि कुर्बान हुसेन, ते चार पुतळे यांचेच, या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं. नावं परत वाच. एक लिंगायत, एक मराठा, एक मारवाडी, एक मुसलमान. सोलापूर कशाचं बनलंय ते या चार नावांत आहे, आणि त्यात पूर्व भागातले तेलुगू पद्मशाली विणकर मिळव म्हणजे चित्र पुरं झालं.

पूर्व भागाचं नाव घेतलं म्हणून, हा भाग मी तुला मुद्दाम सांगतेय. तू जुळे सोलापुरात राहतेस, तिकडे सगळं नवं, रुंद रस्ते, अपार्टमेंट, कुणाचं कुणाशी घेणं नाही, तिथून सोलापूर दिसतच नाही. कन्ना चौक, साखर पेठ, अशोक चौक, या बाजूला ये. आंध्र-तेलंगणातून विणकर पिढ्यान्‌पिढ्यांपूर्वी इथे आले, गिरण्या आल्या, जुनी गिरणी १८७७ च्या सुमाराची, मग गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि माग मात्र घराघरात चालू राहिले. आता तेही कमी होत चाललेत, मी आले तेव्हाचा आवाज आता उरलेला नाही आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, ज्या आवाजानं झोप येत नव्हती त्याचंच. तर इथे बँकेतल्या कुणा पूर्व भागातल्या सहकाऱ्याला सांग की मला एकदा चादर विणताना बघायचीय. नाही म्हणणार नाहीत, उलट घरी जेवायला थांबवतील. सोलापुरी चादर जॅकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, विणतात, एका बाजूला जो रंग वर असतो तो दुसऱ्या बाजूला खाली जातो, म्हणून ती दोन्हीकडून वापरता येते. चादरीला आणि टॉवेलला दोन्हीला जीआय, म्हणजे या गावचाच माल अशी सरकारी ओळख, मिळालेला आहे. एक चादर स्वतःसाठी घे. रूमवरच्या त्या ऑनलाइन मागवलेल्या पातळ ब्लँकेटपेक्षा अंगावर वजन जाणवतं तिचं, डिसेंबरात कळेल तुला.

आणि भाषा. चार शब्द शीक. कन्नड बोलणाऱ्या आजी भेटल्या तर "ऊट आयता?" म्हणजे जेवण झालं का, तेलुगू घरात "बागुन्नारा?" म्हणजे बरे आहात ना. चुकीचं बोललीस तरी चालतं, हसतील आणि मग नीट शिकवतील. भैय्या चौकात डॉक्टर कोटणीसांचं स्मारक आहे, त्यांच्या राहत्या घरात, स्टेशनच्या बाजूला कामाला गेलीस की बघून ये. १९३८ मध्ये भारतातून जे पाच डॉक्टर चीनला गेले त्यातले हे आपल्या सोलापूरचे, बाकीचे परत आले आणि हे तिथेच राहिले, चिनी भाषा शिकले, तिथेच लग्न केलं, आणि १९४२ च्या डिसेंबरात वयाच्या ३२ व्या वर्षी तिथेच गेले. मी नवीन होते तेव्हा मला त्यांची गोष्ट कुणी सांगितली नव्हती, खूप उशिरा कळली, आणि वाटलं की आधी कळली असती तर त्या आजींच्या चहाला मी नको म्हणाले नसते.

खाण्याचं. एकटीनं हॉटेलात बसून जेवायला लाज वाटते असं तू लिहिलं नाहीयेस पण मला माहितीय वाटत असणार. जेवणापासून सुरू करू नकोस, नाष्ट्यापासून कर. सकाळच्या गाड्यावर सगळेच एकेकटे उभे असतात, प्लेट हातात, पाच मिनिटांचं काम. ते जमलं की संध्याकाळी पार्क चौपाटी, ते जमलं की मग खानावळ. आणि रूमवर कडक भाकरी आणि शेंगाची चटणी कायम ठेव. नवीन माणसाला सोलापूरनं दिलेली ही सगळ्यात मोठी सोय आहे. ज्वारीची किंवा बाजरीची, पापडासारखी कडक, आठवडे टिकते, कंटाळून घरी आलीस की दही, चटणी, कच्चा कांदा, झालं जेवण. चटणी मिक्सरमधली घेऊ नकोस, उखळात कुटलेली घे, शेंगदाण्याला तेल सुटलेलं दिसलं पाहिजे. माशांचं मात्र तुला खोटं सांगत नाही, तुझ्या गावासारखी ताजी समुद्राची मासळी इथे मिळायची नाही. उजनीचे मासे मिळतात, गोड्या पाण्याचे, चव वेगळी, त्यांची तुलना बांगड्याशी करत बसलीस तर दोन्हीकडून उपाशी राहशील.

मला वाटतं तुझं खरं दुखणं याच्याच आसपास आहे. तू पत्रात एका ओळीत लिहून गेलीस की "इथे नजर टाकावी तिकडे सगळं सपाट आणि कोरडं" आणि पुढच्या विषयावर गेलीस. कोकणातून आलेल्या माणसाला हे किती लागत असेल ते मी समजू शकते, दाराशी डोंगर, पाऊस, वाशिष्ठी, आणि इथे ऑक्टोबरातच धूळ. पण माळरान बघायला डोळा वेगळा लागतो, तो यायला वेळ लागतो. थंडीत एखाद्या पहाटे बार्शी रोडला नान्नजकडे जा. माळढोक पक्ष्याचं अभयारण्य आहे ते. माळढोक दिसेल या आशेनं जाऊ नकोस, तो आता जवळजवळ संपलाच आहे, पण सोनेरी गवत, त्यात उभी काळविटं, नशीब असेल तर लांब चालत जाणारा लांडगा, आणि एवढं मोठं आभाळ की कोकणात डोंगरांमुळे तुला ते कधी एका नजरेत दिसलेलं नसेल. इथे मात्र एकटी जायचं नाही. सोलापुरात पक्षी बघणारी मंडळी बरीच आहेत, हिवाळ्यात त्यांच्या फेऱ्या असतात, त्यांच्याबरोबर जा, वनखात्याचे नियम पाळून. हे लोक पहाटे पाचला उठणारे, कमी बोलणारे आणि डबा वाटून खाणारे असतात, तुझ्यासारख्या मुलीला बरे. तोपर्यंत तुला जवळचा म्हणजे विजापूर रोडचा कंबर तलाव, संध्याकाळी फिरायला येणाऱ्या बायका भरपूर असतात तिथे, थंडीत पक्षी पण येतात.

आणि एकदा हत्तरसंग कुडल. ऑफिसमधल्या दोघी-तिघींना गाडीवर घेऊन जा, दक्षिण सोलापूर तालुक्यात आहे, भीमा आणि सीना तिथे एकमेकींना मिळतात. जुनं संगमेश्वराचं देऊळ आहे, साडेतीनशेच्या वर मुखं कोरलेलं शिवलिंग आहे, आणि शके ९४० चा म्हणजे १०१८ सालचा मराठी शिलालेख आहे, सोलापूरच्याच आनंद कुंभारांनी तो उजेडात आणला. हजार वर्षांपूर्वी कुणीतरी आपल्याच भाषेत तिथे कोरून ठेवलंय. चिपळूणची मराठी, वर्ध्याची मराठी, सोलापूरची "की" लावून बोलायची मराठी, सगळी त्याच घरची.

काही व्यवहाराच्या गोष्टी भराभर सांगते. रिक्षात बसायच्या आधी भाडं ठरव, शेअर रिक्षा सवयीची झाली की स्वस्त पडते. कुणी "काय मालक" किंवा "अक्का" म्हणून हाक मारली तर गोंधळू नकोस, आदरानंच म्हणतात. नळाचं पाणी इथे रोज येत नाही, काही दिवसांआड येतं, ते कधी येणार हे मजल्यावरच्या काकूंना विचारून ठेव, त्या निमित्तानं बोलणं पण होतं, माझी पहिली मैत्रीण पाण्याच्या रांगेतलीच. मार्चपासून ऊन असं लागतं की नऊच्या आत फिरून घरी आणि मग साडेपाचनंतर बाहेर, मधे नाही, मे महिन्यात पारा ४२-४३ ला जातो. उशीर होणार असेल तर लोकेशन कुणातरी एकीला पाठवून ठेव. आणि हिराचंद नेमचंद वाचनालयाचं सभासदत्व घे, या महिन्यातच. नाटक बघायला हुतात्मा स्मृती मंदिरात एकटी बिनधास्त जा, दिवे गेले की शेजारी कोण बसलंय याचा कुणालाच पत्ता नसतो.

एकटेपणा सहा आठवड्यांत जाईल असं मी म्हणत नाही. माझा पहिला संक्रांतीचा महिना आला तेव्हा मी आले त्याला सात महिने झाले होते आणि शाळेतून घरी येऊन मी तेव्हाही रडायचे. त्या जानेवारीत त्याच तेलुगू आजी मला हाताला धरून गड्ड्याला घेऊन गेल्या. तुला जानेवारीत रजा काढून गावी जायचं असेल तर तेवढं नको करूस. सिद्धेश्वराची यात्रा तेव्हाच असते, आम्ही तिला गड्डा म्हणतो. पहिल्या दिवशी सात नंदीध्वज, म्हणजे देवाच्या उंच सजवलेल्या काठ्या, त्या ६८ लिंगांच्या प्रदक्षिणेला निघतात, तैलाभिषेक होतो. दुसऱ्या दिवशी सम्मती कट्ट्यावर अक्षता सोहळा. सिद्धरामेश्वरांवर मन जडलेली एक कुंभारकन्या होती, त्यांनी तिला आपल्या योगदंडाशी लग्न करायला सांगितलं, ते लग्न दर वर्षी लागतं. पांढऱ्या बाराबंदीतली हजारो माणसं, ते उंचच उंच नंदीध्वज कमरेच्या पट्ट्यावर तोलून चालणारे मानकरी, "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" अशी गर्जना, आणि एका क्षणी सगळीकडून अक्षता उडतात. मग होम मैदानावर पाळणे, खेळणी, भांडी, भेळ, पार महिना संपेपर्यंत.

तोपर्यंत तुझे सहा रविवार झालेले असतील. कुठल्या बाजूनं गर्दी कमी असते, फुलं कुणाकडून घ्यायची, चप्पल कुठे ठेवायची हे तुला माहीत झालेलं असेल. तर आईला फोन कर आणि गड्ड्याला बोलाव. चिपळूणहून प्रवास लांबचा आहे, थकतील, म्हणून अक्षतेच्या आदल्या दिवशीच येऊ देत, कडक भाकरी-चटणी आणून ठेव, नवी चादर त्यांना दे. आणि त्या सकाळी तूच त्यांचा हात धरून पुढे हो, गर्दीत मागे सोडू नकोस.